ससूनांचा बंगला आणि वहीचं पान

मराठीत ‘ससून’ म्हटलं की रुग्णालय आठवतं, माणूस नाही. लातूर-नांदेडकडचा रुग्ण पुण्याला हलवला की ‘ससूनला नेलाय’ एवढंच सांगितलं जातं. या नावामागचा डेव्हिड ससून हा बगदादचा ज्यू व्यापारी. तिथल्या छळामुळे बाहेर पडून बुशहरमार्गे तो १८३०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आला. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्याने सही केली ती हिब्रूत.

त्याचा मुलगा अब्दुल्ला, म्हणजे पुढचा सर अल्बर्ट, याने १८६२ ते १८६४ दरम्यान पुण्यात ‘गार्डन रीच’ हा बंगला बांधला. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा. लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं पुण्याचं सिनेगॉग आणि ससून रुग्णालय यांचे आराखडेही त्याचेच. घर, प्रार्थना आणि दान एकाच हाताने रेखाटलं गेलं.

वारसावास्तूंवरचं आपलं लेखन बहुधा इथेच थांबतं: शैली, मनोरा, दानशूर घराणं. माझा आक्षेप या थांबण्याला आहे. बांधकामाची सालं पुन्हा पाहावीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत भाव चढले. ससूनांची पेढी कापसात होती. चीनकडे जाणाऱ्या माळव्याच्या अफूतही होती. १८६५ साली तेजी कोसळली, मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या, ससूनांची टिकली. यातलं काहीही बंगल्याच्या दगडात दिसत नाही.

म्हणून दान खोटं ठरत नाही. रुग्णालयात आजही माणसं बरी होतात. पण अफू आणि औषध एकाच खात्यातून निघालं, हे सांगितल्याशिवाय त्या घराचं वर्णन पुरं होत नाही.

हे मराठवाड्यातून लिहिण्याला कारण आहे. मारवाड-गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांची जुनी घरं आपल्या बाजारपेठांतही आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना आपण सागवानी खांब मोजतो. कापूस कुणी पिकवला, उचल कोणत्या व्याजाने दिली, जमीन कुणाची गहाण पडली, हे रोजमेळात आणि खतावणीत असतं. घर पडलं तर निदान छायाचित्र उरतं. वह्या मात्र रद्दीत जातात, आणि त्यांच्याबरोबर कुळांची नावंही. वाड्याच्या जतनाची मागणी करणाऱ्यांनी आधी माळ्यावरचं ते गाठोडं खाली उतरवावं.