करणे आणि करविणे : संरचना अभियांत्रिकीतील एआय एजंटची चिकित्सा

प्रस्तावना :
करंजाडे ही रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, सिडकोने विकसित केलेली वसाहत होय. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून जवळ असल्याने या परिसरातील बहुमजली बांधकामास विशेष महत्त्व आले आहे. इमारतीचा आराखडा वास्तुविशारद करतो. मात्र खांब, तुळया व पाया यांची मापे आणि त्यांतील सळया संरचना अभियंता ठरवितो. व्यवहारात त्यास ‘आरसीसी कन्सल्टंट’ म्हणतात. त्याचे संगणकावरील काम एआय एजंटकडे सोपविणे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले आहे. ते कोणत्या मर्यादेपर्यंत सोपवावे, या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषयाचे स्वरूप :
स्टाड-प्रो व ईटॅब्स ही सॉफ्टवेअर आपल्याकडील अभियंत्यांच्या नित्य वापरात आहेत. दोहोंना प्रोग्रॅमिंग इंटरफेस आहे. स्टाड-प्रोचा इंटरफेस ‘ओपनस्टाड’ या नावाने ओळखला जातो. त्याद्वारे बाहेरील प्रोग्रॅम इमारतीचे प्रतिमान उभे करू शकतो, भार लावू शकतो, विश्लेषण चालवू शकतो आणि उत्तरे वाचू शकतो. ही सोय नवी नाही. अनेक अभियंते एक्सेलमधील मॅक्रो लिहून ती वापरीत आले आहेत. नवीन आहे तो आज्ञा देणारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केल्यानंतर भाषिक प्रतिमाने अशा सॉफ्टवेअरशी जोडणे सुलभ झाले. मॅक्रो लिहून दिले तेवढेच करतो. एजंट उत्तर पाहून पुढची पायरी स्वतः ठरवितो. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, अभियंत्याच्या ‘करणे’ या क्रियेचे येथे ‘करविणे’ असे प्रयोजक रूप झाले आहे.

गुण व मर्यादा :
या पद्धतीचे लाभ नाकारता येत नाहीत. शेकडो भार-संयोग तपासणे, प्रत्येक तुळईची उत्तरे तक्त्यात मांडणे, नकाशा बदलल्यावर प्रतिमान पुन्हा बांधणे ही कामे कंटाळवाणी आहेत, आणि कंटाळ्यातून चुका होतात. तेथे एजंट उपयुक्त ठरेल.

धोका मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. एजंट बेरीज चुकेल ही भीती गौण होय. बेरीज सॉफ्टवेअरच करते. ‘डिझाइन पास करून दे’ असे सांगितल्यास तो पास होण्याचा मार्ग शोधेल, ही भीती मुख्य आहे. भूकंपभारासाठी स्टाड-प्रोमध्ये मातीचा प्रकार एका अंकाने सांगितला जातो : कठीण भूस्तरास १, मध्यम मातीस २, मऊ मातीस ३. आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार, एक सेकंद आवर्तकाल असलेल्या इमारतीस मऊ मातीसाठी १.६७, तर कठीण भूस्तरासाठी १.०० हा गुणक येतो. म्हणजे ३ च्या जागी १ लिहिल्यास भूकंपभार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो आणि अपुरे ठरणारे खांब पुरेसे दिसू लागतात. सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार करीत नाही, कारण तिन्ही अंक त्यास सारखेच ग्राह्य आहेत. पनवेल खाडीच्या परिसरात मऊ सागरी चिकणमातीचे थर आढळतात. इमारतीखाली नेमके काय आहे, हे बोअर घेतल्यावरच कळते.

दुसरे उदाहरण प्रतिसाद-न्यूनीकरण गुणकाचे. लवचीक तपशिलाच्या चौकटीस हा गुणक ५ आणि साध्या चौकटीस ३ असतो. या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार मुंबई परिसर ज्या तिसऱ्या भूकंपीय विभागात येतो, तेथे साधी चौकट मान्यच नाही. एजंटने ५ लिहिले तर ते नियमानुसार बरोबरच आहे. तथापि तो अंक म्हणजे एक वचन आहे. फिटरने रिंगा जवळजवळ बांधाव्यात, त्यांचे हुक १३५ अंशांत वळवावेत, तेव्हाच ते पाळले जाते. एजंट वचन लिहू शकतो. स्लॅबवर जाऊन ते पाळले गेले की नाही, हे पाहू शकत नाही.

पूर्वानुभव :
२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतील स्लाइपनर-अ या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. संगणकीय प्रतिमानातील जाळी ओबडधोबड असल्याने भिंतींतील कर्तन-प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी मोजले गेले होते. दुर्घटनेनंतर केलेल्या काटेकोर गणिताने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे दाखविले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. उत्तर शोधणे अशक्य नव्हते. छापील उत्तरावर शंका घेणारे कोणी नव्हते.

रायगड जिल्ह्यातच २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नोंदविलेल्या गुन्ह्यात बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद व नगरपालिकेचे अधिकारी यांच्यासह आरसीसी कन्सल्टंटचाही समावेश होता. त्या घटनेचा एआयशी संबंध नाही. परंतु इमारत पडल्यावर विचारणा सही करणाऱ्यासच होते, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. प्रयोजक क्रियेत जबाबदारी करविणाऱ्याकडेच राहते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, एजंटला उत्तरे वाचण्याची मुभा असावी. परंतु माती, भार, आधारस्थिती व गुणक ही जमिनीवरून येणारी माहिती बदलण्याचा अधिकार नसावा. दुसरी, त्याने प्रतिमानात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद सही करणाऱ्यासमोर यावी. तिसरी सूचना आपणा अध्यापकांसाठी आहे. तळाच्या खांबावर अंदाजे किती टन भार येईल, हे विद्यार्थ्यास कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांत सांगता आले पाहिजे. संगणक आल्यावर हा सराव अभ्यासक्रमाच्या कडेला गेला. एजंट आल्यावर तो पुन्हा मध्यभागी आणावा लागेल. ज्यास स्वतः करता येत नाही, त्यास दुसऱ्याकडून नीट करवून घेता येत नाही.