पाणथरीच्या ऊतींचे स्वरोपण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
औद्योगिक वसाहत आणि अवजड वाहनांनी गजबजलेला मुंब्रा-पनवेल रस्ता यांमुळे तळोजा परिसरात अपघात हा आरोग्याचाही प्रश्न ठरतो. पोटावर मुका मार बसून पाणथरी (प्लीहा) फुटली व रक्तस्राव थांबेना, तर ती काढावी लागते. काढलेल्या पाणथरीचे पातळ काप त्याच रुग्णाच्या उदरातील वपेत शिवून ठेवणे म्हणजे स्वरोपण. यामुळे जंतुसंसर्गापासूनचे संरक्षण टिकते, या दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
१९५२ साली किंग व शूमाकर यांनी पाणथरी काढलेल्या अर्भकांतील गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली. पाणथरीवाचून माणसाचे काही अडत नाही, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. १९७८ साली हॉवर्ड पिअरसन यांनी अपघातानंतर पाणथरी काढलेल्या काही मुलांत तिच्या विखुरलेल्या ऊती पुन्हा वाढून तांबड्या पेशी स्वच्छ करीत असल्याचे दाखविले. स्वरोपणाच्या कल्पनेला येथून बळ मिळाले.

तथापि येथे एक तार्किक गफलत संभवते. तांबड्या पेशी स्वच्छ करणे आणि न्यूमोकोकससारख्या कवचधारी जंतूंना अडविणे ही कार्ये एक नव्हेत. दुसऱ्या कार्यासाठी पुरेशी ऊती, मुबलक रक्तपुरवठा आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींची विशिष्ट रचना लागते. रुजलेल्या कापांना मूळची प्लीहा-धमनी नसते. अशा ऊती शरीरात असूनही जंतुदोषाने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पनवेल तालुक्यातील भातशेतकरी जाणतो की, लावणीचे रोप रुजले म्हणजे कणगी भरली असे नव्हे. चाचणीत ऊती जिवंत दिसणे हा संरक्षणाचा पुरावा मानता येत नाही.

निष्कर्ष :
स्वरोपण त्याज्य नाही. परंतु ते लसीकरणाला पर्याय ठरत नाही. शक्य तेथे पाणथरी जागीच वाचविणे श्रेयस्कर होय. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातील बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात आहे. अपघातग्रस्त प्रौढ कामगार मात्र त्या कार्यक्रमाच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच घरी जाताना त्याच्या हाती पडणाऱ्या कागदावर 'पाणथरीचे रोपण केले' एवढेच लिहिणे घातक आहे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब या लसी घ्याव्यात आणि ताप येताच विनाविलंब रुग्णालय गाठावे, हेही त्यावर सुबोध मराठीत असले पाहिजे.