वन्य प्राणी आणि त्यांचा ठावठिकाणा

मराठी वाङ्मयात वाघ-सिंहांची वाण कधीच पडलेली नाही. पंचतंत्र-हितोपदेशाच्या भाषांतरांतून आलेला मूर्ख सिंह आणि धूर्त कोल्हा आम्ही शाळेतल्या पहिल्या पुस्तकापासून ओळखतो. पोवाड्यांतले वीर वाघासारखी झेप घेतात. शिकारकथांतून तर मेलेल्या वाघांची रासच पडलेली आहे. परंतु ह्यांपैकी एखादा वाघ कोणत्या डोंगराच्या कुशीस राहत होता, काय खाऊन जगत होता आणि उन्हाळ्यात पाण्याकरिता कोठे जात होता असे कोणी विचारील, तर बहुतेक ग्रंथांपाशी उत्तर नाही. प्राणी आहे, पण त्याचा ठावठिकाणा नाही. वन्य प्राण्यांविषयीच्या लेखनास लावावयाची पहिली कसोटी हीच, असे आमचे मत आहे. ही कसोटी वाङ्मयाच्या चर्चेपुरतीच नसून माणसांचे व जनावरांचे प्राणही तिच्यावर अवलंबून असतात, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. उदाहरणे शक्य तो खानदेशातील, आणि त्यातही साक्रीच्या बाजूची घेतली आहेत.

साक्री तालुका अशा परीक्षेस फार सोयीचा आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे व सागाची राने असून त्यांपलीकडे डांग लागतो. पांझरा व कान ह्या नद्यांच्या काठी बागायत आहे. आणि उरलेला पुष्कळसा भाग म्हणजे उघडा, वाऱ्याचा, मुरमाड माळ. ह्याच माळावर ब्राह्मणवेलच्या बाजूस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २०१३ साली शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला. वीज नको असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप आहे तो अशा भूमीस सरसकट लावल्या जाणाऱ्या 'पडीक' ह्या शब्दाला. लांडगा, खोकड, चंडोल, तित्तिर ही माळाची लेकरे होत. दाट झाडीत त्यांचा निभाव लागावयाचा नाही, त्यांस हवा तो हा उघडा माळच. एका तालुक्यात तीन जातींची भूमी आणि प्रत्येकीचे रहिवासी निराळे असताना 'जंगल' ह्या एका शब्दात सर्वांस कोंबणारा लेखक पहिल्याच ओळीस चुकतो.

खानदेशात वाघ विपुल होते त्या काळचे जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतेक शिकाऱ्यांचे. १८२५ साली खानदेश भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा १८२५ ते १८३४ ह्या दहा वर्षांत १९१ वाघांच्या मृत्यूस हजर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात सापडते. ह्या नोंदीत संख्या आहे, शिकाऱ्याचे नाव आहे. ज्या भिल्ल मागकाढ्यांच्या विद्येवाचून एवढी शिकार होणे कठीण, त्यांची नावे नाहीत, आणि वाघ गेल्यावर त्या नाल्याखोऱ्यांचे काय झाले हेही नाही. मराठीतील शिकारकथा पुढे आली ती ह्याच वळणावर. मध्यभागी शिकारी, समोर जनावर, आणि रान म्हणजे नाटकातला मागचा पडदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक खाली ठेवावी लागली व तिच्या जागी कॅमेरा आला. परंतु कित्येक लेखांचा नायक अद्यापि लेखकच आहे.

ठावठिकाणा चुकला म्हणजे काय होते, ह्याचा सर्वांत बोधप्रद दाखला खानदेशानेच जगास दिला आहे. रानपिंगळा ह्या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ह्यूम ह्याने प्रथम केले. पुढे जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे नमुने मिळविले. त्यांपैकी शेवटचा १८८४ चा. जगातील सर्व संग्रहालये मिळून ह्या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. त्यांतील एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या प्रसिद्ध संग्राहकाची चिठ्ठी होती व तीवर गुजरातेतील मांडवी हे स्थळ आणि १९१४ हे वर्ष लिहिले होते. ह्या चिठ्ठीवर विसंबून शोध करणाऱ्यांस पक्षी सापडेना. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने तो नमुना बारकाईने तपासून असे सिद्ध केले की, तो मूळचा डेव्हिडसनचाच असून संग्रहालयातून चोरून त्यास नवी चिठ्ठी बांधलेली आहे. खोटी चिठ्ठी बाजूस सारून ती व तिचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सकाळच्या उजेडात झाडावर उघडा बसलेला रानपिंगळा त्यांस दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. ११३ वर्षे नाहीसा मानलेला हा पक्षी कोठेही गेला नव्हता. तो आपल्या घरी होता. त्याचा पत्ता तेवढा कोणी खोटा लिहून ठेवला होता.

वाङ्मयातही अशा खोट्या चिठ्ठ्या असतात, आणि त्या बांधणारे सर्वच लबाड असतात असे नाही. आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांस लांडग्याची ओळख झाली ती किप्लिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधून, आणि पुढे दूरदर्शनवरील चित्रमालिकेतून. त्यामुळे न पाहिलेले सिवनीचे रान आम्हांस घरचे वाटू लागले. कोंडाईबारीचा घाट मोटारीतून उतरताना मात्र दोन्ही अंगांस काय आहे हे पाहण्याची जिज्ञासा झाली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' ह्या १९८२ च्या लहानशा कादंबरीचे मोल कळते. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांची टोळी, तिचा नायक, त्यास हुसकावणारा दुसरा नर आणि त्यातून होणारी पिल्लांची हत्या हा तिचा विषय. हे सारे कल्पनेतून आलेले नव्हे. १९६० नंतरच्या काही वर्षांत धारवाडच्या रानात सुगियामा ह्या जपानी शास्त्रज्ञाने हेच पाहिले होते, आणि अबूच्या वानरांवरील सारा हर्डी ह्या विदुषीचा ग्रंथ १९७७ चा आहे. टोळीची हद्द, शेजारची टोळी, खाण्याची झाडे ही येथे कथानकाचीच अंगे आहेत. म्हणजे आमच्या कसोटीस ही कादंबरी उतरते. खेद वाटतो तो तिच्या वाचनाचा. वानरांच्या आडून लेखकाने माणसांचे राजकारण रंगविले, असे म्हणून कित्येक वाचक मोकळे होतात. शीर्षकच त्यांस ही आडवाट दाखविते, आणि तेवढा दोष लेखकाच्या पदरी घालावा लागेल. परंतु असे वाचले की माडगूळकरांचे वानर पुन्हा पंचतंत्राच्या झाडावर जाऊन बसते. पिल्लू गेलेल्या वानरीचे दुःख हे वानरीचेच म्हणून वाचण्याची आपली तयारी असू नये, ही आमच्या रसिकतेची उणीव होय.

मारुती चितमपल्ली ह्यांचे ऋण निराळ्या प्रकारचे आहे. १९३२ साली जन्मलेला हा लेखक २०२५ साली निवर्तला. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत आयुष्य काढून त्यांनी आदिवासींच्या तोंडची नावे व माहिती मराठीस मिळवून दिली. बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीस 'काकागार' असे शब्द त्यांनी रूढ केले. ज्या भाषेत वस्तूस नाव नाही तीत ती वस्तू दिसतही नाही. म्हणून हे काम कोणत्याही ललित ग्रंथाहून लहान मानता येणार नाही. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कोणा वृद्धाकडून ऐकलेले ही दोन्ही ते एकाच स्वरात सांगतात, त्यामुळे निरीक्षण कोठे संपले व श्रद्धा कोठे सुरू झाली हे वाचकास उमगत नाही. श्रद्धेसही मोल आहे, पण तिच्यावर तिची चिठ्ठी असावी.

आता ज्या लेखनाचा परिणाम सर्वांत तातडीचा, त्या वृत्तपत्री लेखनाकडे वळू. पिंपळनेर-साक्रीच्या बाजूस काय किंवा नाशिक-नगरकडे काय, उसात बिबट्या दिसला की 'बिबट्या शिवारात घुसला' अशी वार्ता येते. 'घुसला' म्हटले म्हणजे तो बाहेरचा ठरला. बाहेरचा ठरला म्हणजे त्यास पिंजऱ्यात धरून दूर सोडावे ही मागणी ओघानेच आली. ह्या तर्काची परीक्षा जुन्नर भागात होऊन चुकली आहे. २००१ पासून तेथील बिबटे धरून दूरच्या रानांत सोडण्यात आले. त्यापूर्वी माणसांवर वर्षास सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनी हे दाखवून दिले. आणि अकोल्याच्या शेतीप्रदेशात बिबटे पाहुणे म्हणून येत नसून तेथेच राहतात, तेथेच वितात, हेही त्यांच्या २०१३ च्या निबंधाने सिद्ध झाले. ज्या घरचे मूल बिबट्याने नेले त्या घरास हे आकडे ऐकविण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि धोकेबाज ठरलेले जनावर धरूच नये असेही आम्ही म्हणत नाही. परंतु एका चुकीच्या क्रियापदापायी दुसऱ्या गावातले मूल जाऊ नये, एवढी अपेक्षा लेखकाकडून करणे अवास्तव नाही. डांग, पेठ, सुरगाणा ह्या भागांतील आदिवासी वाघदेवाची लाकडी वा दगडी प्रतिमा उभारतात व वाघबारशीस तिची पूजा करतात. वाघ गावाच्या शेजारीच राहणार, हे ज्यांनी मानले त्यांची ही रीत आहे. 'घुसला' ही भाषा तीत बसत नाही.

साक्री तालुक्यातच बारीपाडा म्हणून एक लहानसे गाव आहे. चैतराम पवार ह्यांच्या पुढाकाराने तेथील लोकांनी, स्वतःच नियम करून व स्वतःच पाळून, चारशे हेक्टरांहून अधिक उजाड रान पुन्हा वाढविले. २०२५ साली पवार ह्यांस पद्मश्री मिळाली. रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धाही तेथे भरते. प्राण्यास ठिकाण लागते हे त्यांनी ग्रंथावाचून ओळखले. हे ज्ञान मराठी गद्यात अद्याप यावयाचे आहे.

ते का आले नाही, ह्याचे एक कारण आम्ही स्वतःच आहोत. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात साक्रीच्या पश्चिमेकडील एका पाड्यावरचा विद्यार्थी होता. 'अरण्याची शोभा' ह्या विषयावर त्याने दोन पाने लिहिली: कोणता झरा कोणत्या महिन्यात आटला, मग रानडुकरे कोणत्या शेतांकडे वळली, आणि त्यांच्या मागोमाग तरसाचे ओरडणे कोठून ऐकू येऊ लागले. शोभेविषयी त्यात एक अक्षर नव्हते. 'विषयास सोडून' असा शेरा मारून आम्ही त्यास काठावर पास केले. त्याने पुढे काही लिहिले की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आज आम्ही मराठीत ज्या लेखनाची वाट पाहत आहो त्याची पहिली दोन पाने आमच्या हाती आली होती, आणि ती आम्हांस ओळखता आली नाहीत. आमच्या जागी आज जे शिकवीत असतील, त्यांनी अशी पाने जपून वाचावीत, एवढीच आमची विनंती आहे.