डावे-उजवे वर्गीकरणाचे पर्याय : एक चिकित्सा

१७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे व विरोधक डावीकडे बसले. आसनव्यवस्थेतून आलेल्या या संज्ञा पुढे जगभरच्या राजकीय मतांचे माप ठरल्या. ते माप अपुरे असल्याची जाणीव नवी नाही. हान्स आयझेंक यांनी १९५४ मध्ये कठोर-मृदू मनोवृत्तीचा दुसरा अक्ष जोडला. मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये स्वातंत्र्य व समता या मूल्यांना मिळणाऱ्या स्थानावरून विचारसरणींची मांडणी केली. डेव्हिड नोलन यांच्या १९६९ च्या आराखड्यात आर्थिक आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य हे दोन अक्ष आहेत. नोलन हे अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षाचे एक संस्थापक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आराखड्याचा कल कोणीकडे आहे ते निराळे सांगावे लागत नाही.

१९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केलेला प्रश्न या आराखड्यांवर ठेवून पाहण्याजोगा आहे. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाच्या कल्पनेमुळे सवर्ण कामगार त्यांच्या प्रवेशास विरोध करीत. हा प्रवेशाचा हक्क संपाच्या नेत्यांनी मान्य करावा, असा आंबेडकरांचा आग्रह होता. या मागणीत शासनाचा हस्तक्षेप वाढविण्याचा वा घटविण्याचा प्रश्नच नाही. ती शेजारी उभ्या असलेल्या कामगाराकडे केलेली आहे. डाव्या-उजव्या रेषेवर हा आग्रह संपात फूट पाडणारा, म्हणजे जवळजवळ ‘उजवा’ ठरतो. परंतु याच आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात कम्युनिस्टांना साथ दिली. विसंगती आंबेडकरांच्या भूमिकेत नसून मोजपट्टीत आहे.

प्रदीप छिब्बर व राहुल वर्मा यांच्या ‘आयडिऑलॉजी अँड आयडेंटिटी’ (२०१८) या ग्रंथाचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते. समाजजीवनात शासनाने किती हस्तक्षेप करावा आणि वंचित व अल्पसंख्य समूहांना शासनाने मान्यता द्यावी काय, हे त्यांचे दोन अक्ष भारतीय राजकारणातील संघर्षांतूनच घेतलेले आहेत. आयात अक्षांपेक्षा ते निश्चितच अधिक उपयुक्त होत. तरीही दोहोंच्या केंद्रस्थानी शासनच आहे. आरक्षणाला अनुकूल असलेला नागरिक शेजारी जातीबाह्य भाडेकरू स्वीकारील किंवा नाही, याचा थांग दुसऱ्या अक्षावरूनही लागत नाही. विणकाम खात्याचे दारही शासनाने बंद केलेले नव्हते.