कोड ९३ आणि पिको-फॉल

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी इचलकरंजीला घरी होतो. दुपारी एक मुलगा आला. साधारण माझ्याच वयाचा, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. सरकारी सर्वेक्षण होतं. आईने त्याला पाणी दिलं, पंखा लावला. घरात माणसं किती, वय काय, शिक्षण काय, हे सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही काय करता?"

"मी काय करणार बाळ? घरीच असते."

हे बोलताना तिच्या मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज होता आणि ती त्याला हूक लावत होती. मशीनवर अजून दोन पडलेले, कोपऱ्यात पिको-फॉलसाठी आलेल्या साड्यांच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी. दिवाळी म्हणजे तिचा सीझन. त्या आठवड्यात ती रात्री बाराच्या आधी झोपली नव्हती.

मी मधे बोललो. तो मुलगा हसला, म्हणाला, "हो का? मग मागच्या स्क्रीनवर जावं लागेल." गेला. महिन्याला किती सुटतात, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, "कुठे काय, दोन पैसे." त्याने काहीतरी आकडा भरला आणि चहा न घेता निघून गेला. त्याला अजून बरीच घरं करायची होती.

मी कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला की आईची नोंद कोणत्या व्हॅल्यूखाली झाली असेल. शोधलं. आपल्याकडच्या रोजगार सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला दोन अंकी कोड मिळतो. स्वतःचा धंदा एकट्याने करणारा ११, माणसं ठेवून धंदा करणारा १२, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारा २१, पगारी ३१, रोजंदारीवर ५१. आणि ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्यासोबत घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणं, शिवण, विणकाम वगैरे. ११ आणि ९३ यांच्यात अंतर केवढं, तर ११ असेल तर ती 'कामगार' आणि ९३ असेल तर ती श्रमशक्तीच्या बाहेर. मशीन तेच, ब्लाउज तेच, पाठ तितकीच दुखते. मी शेजारी बसलो नसतो, तर ती नक्की नव्वदीत गेली असती.

ही चूक त्या मुलाची नाही. तो जे ऐकतो ते भरतो. चूक आईचीही नाही, कारण 'काम' म्हणजे जे वडील करायचे ते, अशी तिची व्याख्या आहे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. ते सकाळी डबा घेऊन बाहेर जायचे आणि शनिवारी पगार आणायचे, ते काम.

आता यात जीडीपी कुठे आला? थेट आला. संघटित कंपन्यांचे ताळेबंद सरकारकडे जातात, त्यातून त्यांनी किती मूल्य निर्माण केलं ते कळतं. आईचा ताळेबंद म्हणजे दोनशे पानी वही, तीही अर्धी उधारीची. अशा कोट्यवधी वह्या गोळा करणं शक्य नाही. म्हणून आपल्याकडे एक जुनी युक्ती वापरतात. एका सर्वेक्षणातून काढायचं की अमुक धंद्यात माणसं किती. दुसऱ्या सर्वेक्षणातून काढायचं की त्या धंद्यात एका माणसामागे वर्षाला मूल्यवर्धन किती. दोन्हींचा गुणाकार केला की त्या धंद्याचं उत्पन्न मिळालं. २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेत यात थोडी सुधारणा झाली. मालक, पगारी कामगार आणि मदतनीस यांना सरसकट एक न धरता वेगवेगळं वजन दिलं गेलं. युक्ती मला आवडते. साधी आहे, प्रामाणिक आहे, आणि तिच्या मर्यादा दिसतात. गुणाकारातला पहिला आकडा कमी आला, म्हणजे आई नव्वदीत गेली, की तिचं मूल्य शून्य होतं. शून्यही नाही खरं तर, ती ओळच तयार होत नाही. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल यांच्यात फरक असतो हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

माझी खरी तक्रार मात्र इथे नाही, याच्या पुढच्या पायरीवर आहे.

ही मोठी सर्वेक्षणं दर वर्षी होत नव्हती. २०११-१२ च्या मालिकेसाठी उद्योगांची पाहणी २०१०-११ ची आणि रोजगाराची २०११-१२ ची वापरली. मग २०१३, २०१४, २०१७ या वर्षांचं काय? तर पायाभूत आकडा घ्यायचा आणि तो दुसऱ्या कशाच्या तरी वाढीच्या दराने पुढे ढकलायचा. छोट्या उत्पादकांसाठी औद्योगिक उत्पादनाची वाढ, व्यापारासाठी विक्रीकराची. थोडक्यात, मोठ्यांची जेवढी वाढ झाली तेवढीच लहानांची झाली असं धरून चालायचं.

एरवी हे चालून जातं. मोठी गिरणी जोरात असेल तर खर्चीवाल्या यंत्रमागधारकालाही काम मिळतं, त्याच्या जोरावर कांडीवालीला, वहिफणीवाल्याला, आणि शेवटी आईकडे ब्लाउज येतात. सगळं एका दोरीत असतं. पण जेव्हा मोठा वाढतो तोच लहानाचा घास घेऊन, तेव्हा काय होतं? गल्लीतलं दुकान बंद पडलं आणि तिथलं गिऱ्हाईक मॉलमध्ये गेलं, तर मॉलची विक्री वाढते. मॉलची विक्री वाढली म्हणून पद्धत सांगते की दुकानाचीही वाढली असणार. दुकान मेल्याचा पुरावाच दुकान जगल्याचा पुरावा म्हणून जमा होतो.

आमच्या कामात याला रोजचं उदाहरण आहे. समजा शंभर सर्व्हर आहेत आणि डॅशबोर्डवर त्यांची तब्येत दिसते. पण माहिती पाठवतात फक्त दहा मोठे सर्व्हर, बाकी नव्वदांची तब्येत या दहांवरून अंदाजाने रंगवलेली. एके रात्री नव्वद बंद पडले आणि सगळा ट्रॅफिक दहांवर आला. दहाही व्यवस्थित तग धरून. डॅशबोर्ड काय दाखवेल? हिरवं. नुसतं हिरवं नाही, आधीपेक्षा जास्त हिरवं.

ती रात्र आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ला झाली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात हॉस्टेलवर. चलनातल्या ८६ टक्के नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्याकडे गंमत चालली होती, एटीएमच्या रांगेतले मीम वगैरे. घरी फोन केला तर मागे मागांची खडखड ऐकू येत नव्हती. लहानपणापासून त्या आवाजाशिवाय घरचा फोन मी ऐकलाच नव्हता. यंत्रमागाचा पगार आठवड्याला आणि रोख. मालकाकडे सूत घ्यायला रोख नाही, कामगाराला द्यायला नाही. वडिलांना दोन आठवडे जुन्या नोटांत पगार मिळाला. तिसऱ्या आठवड्यात कारखाना एका पाळीवर आला. आईकडच्या पिशव्या कमी झाल्या. त्या वर्षीच्या लग्नसराईत तिने उधारी इतकी लिहिली की वही फेब्रुवारीतच संपली.

२०१६-१७ या वर्षाचा विकासदर मे २०१७ मध्ये ७.१ टक्के जाहीर झाला. जानेवारी २०१९ मध्ये तो सुधारून ८.२ झाला. पुढच्या जानेवारीत ८.३. २०११-१२ पासून कोविडपर्यंतच्या वर्षांत त्या मालिकेतलं हे सगळ्यात वेगवान वर्ष.

इथे मला सावध राहायला हवं. हा सगळा फुगवटा असंघटित क्षेत्राच्या अंदाजातून आला, असं मी म्हणत नाही. सुधारणा झाली तेव्हा कंपन्यांचे आणि कारखान्यांचे नवे आकडे आले होते, ते खरेही असतील. अरविंद सुब्रमणियन यांनी २०१९ मध्ये विकासदर सरासरी अडीच टक्के बिंदूंनी जास्त दाखवला जात असल्याचं मांडलं, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. त्या भांडणात मला पडायचं नाही. माझा मुद्दा लहान आहे. माझ्या गल्लीत जे झालं ते त्या पद्धतीला दिसणं शक्यच नव्हतं. मुद्दाम लपवलं असतं तर निदान कुणाला तरी ते माहीत असतं. इथे कुणालाच माहीत नव्हतं आणि आकडा मात्र एका दशांशापर्यंत छापलेला.

मग सर्वेक्षणात काय दिसलं? २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३व्या फेरीत शेती सोडून असे ६.३४ कोटी छोटे उद्योग सापडले, त्यांत ११.१३ कोटी माणसं. त्यानंतरची प्रसिद्ध झालेली पाहणी थेट २०२१-२२ ची. तिच्यात ५.९७ कोटी उद्योग आणि ९.७९ कोटी माणसं. मधल्या सहा वर्षांत नोटाबंदी, जीएसटी आणि कोविड असे तीन तडाखे बसले, आणि या तिन्हींच्या वेळी कॅमेरा बंद. १.३४ कोटी माणसं कमी झाली, पण कुणामुळे किती, हे आता कधीच वेगळं करता येणार नाही. २०२१-२२ मध्ये दुसरी लाटही होती, त्यामुळे सगळं खापर नोटाबंदीवर फोडणाऱ्यांचंही ऐकू नका. क्राइम सीनवर सहा वर्षांनी गेल्यावर काय सापडणार.

आता ही पाहणी दर वर्षी होते. २०२३-२४ चा अहवाल मी एका वीकेंडला कादंबरीसारखा वाचला. (हो, माझा सोशल लाइफ असाच आहे.) त्यात ७.३४ कोटी उद्योग आणि १२.०६ कोटी माणसं आहेत. एका माणसामागे वर्षाचं मूल्यवर्धन १,४९,७४२ रुपये. बाराने भागा, महिना साडेबारा हजारांच्या आत. पगारी माणसाचा सरासरी मोबदला १,४१,००४, म्हणजे महिना पावणेबारा हजार. माझ्या बेंगळुरूच्या फ्लॅटचं भाडं यापेक्षा जास्त आहे. अहवालाचा सुरुवातीचा सारांश कंटाळवाणा आहे, सगळीकडे वाढ, वाढ, वाढ. पण मागच्या बाजूला व्याख्यांचं प्रकरण आहे ते नक्की वाचा. घरातल्या खोलीत चालणारा उद्योग कधी उद्योग मानायचा, फिरता विक्रेता कुठे मोजायचा, याच्या सूचना तिथे आहेत. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना आपला देश ओळखीचा आहे. मथळ्यात येणाऱ्या आकड्यापेक्षा हे लिखाण कितीतरी प्रामाणिक आहे.

दुसऱ्या टोकाला असलेल्यांबद्दलही बोलायला हवं. 'भारताची अर्धी इकॉनॉमी तर दोन नंबरची आहे' असं बोलणारा एक काका प्रत्येक ग्रुपवर असतो. तो आईचा धंदा आणि बिल्डरची रोकड एकाच पोत्यात भरतो. ओईसीडी, नाणेनिधी, आयएलओ वगैरेंनी मिळून २००२ मध्ये या न दिसणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या मोजणीवर एक जाडजूड पुस्तिका काढली. तिच्यात पाच वेगळे कप्पे आहेत. कर चुकवायला लपवलेलं उत्पादन, बेकायदा उत्पादन, अनौपचारिक क्षेत्र, घरच्या वापरासाठीचं उत्पादन, आणि निव्वळ मोजणीतल्या त्रुटींमुळे सुटलेलं. आई तिसऱ्या कप्प्यात आहे आणि थोडी पाचव्यात. ती काहीही लपवत नाही. दारात बसून शिवते. कुणी विचारलंच नाही आणि विचारलं तेव्हा तिलाच ते सांगण्यासारखं वाटलं नाही. रोख वापरणारा म्हणजे लपवणारा, हा गोंधळ ग्रुपवरच्या काकाने केला तर फॉरवर्ड होतो. धोरणात झाला तर मागांचा आवाज थांबतो.

तीच पुस्तिका आणखी एक गोष्ट बजावते. चलनाची मागणी, वीजवापर अशा मोजक्या गोष्टी मॉडेलमध्ये टाकून 'छुपी अर्थव्यवस्था अमुक टक्के' काढणाऱ्या पद्धतींवर विसंबू नका. बातम्यांत येणारे बरेच चमकदार टक्के तिथूनच येतात. म्हणजे जे सरकारी आकड्यावर हसतात, त्यांच्या खिशातला आकडाही बहुधा असाच दुरून ताणलेला असतो.

'अनौपचारिक' हा शब्द प्रचारात आणणारा कीथ हार्ट मानववंशशास्त्रज्ञ होता, हे मला फार उशिरा कळलं. घानाच्या आक्रा शहरातल्या निमा वस्तीत तो राहिला, लोक पोट कसं भरतात ते पाहिलं आणि १९७३ मध्ये त्यावर निबंध छापला. बेकार समजली जाणारी माणसं दिवसभर कामात होती, असं त्याला दिसलं. पुढे घानाने २०१० मध्ये आधारवर्ष बदललं आणि जीडीपी एका फटक्यात साठेक टक्क्यांनी वाढला. माणसं तीच होती.

आपल्याकडेही २०२२-२३ हे आधारवर्ष धरून नवी मालिका आखली गेली. तिच्यात असंघटित क्षेत्रासाठी जुना आकडा पुढे ढकलण्याऐवजी दर वर्षीच्या पाहण्या वापरायचं मंत्रालयाने ठरवलं. २०२५ पासून छोट्या उद्योगांची तिमाही आकडेवारीही निघू लागली. हे चांगलं आहे, आणि मनापासून चांगलं म्हणतो. पण गुणाकारातला पहिला आकडा अजूनही त्या दुपारच्या प्रश्नातूनच येणार. 'तुम्ही काय करता' असं विचारलं की आई 'घरीच असते' म्हणणार. 'गेल्या आठवड्यात पैसे घेऊन कुणाचं काही शिवलंत का' असं विचारलं, तर ती नावानिशी यादी देईल, त्यात कुणी पैसे बुडवले तेही सांगेल.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा तिची वही स्प्रेडशीटमध्ये भरायला घेतली. तारीख, गिऱ्हाईक, काम, रक्कम, आले, बाकी. अस्तराचा, हुकांचा, धाग्याचा खर्च वेगळा. दोन संध्याकाळी गेल्या. मग मी 'तास' असा एक कॉलम केला आणि तिला विचारलं, एका ब्लाउजला किती वेळ लागतो.

"ते कसं सांगू? मधे कुकर लावायचा असतो, तुझ्या बाबांना गोळ्या द्यायच्या असतात. लाइट गेली की हाताने हूक लावून घेते."

तो कॉलम अजून रिकामा आहे.