दरीतील मुक्काम

पावसाळा सरत आला की आपल्या नियतकालिकांतून डोंगरदऱ्यांतील तंबूमुक्कामाची वर्णने येऊ लागतात. या लेखांचा साचा वाचकांस आता पाठ झाला असावा. पहाटेचे धुके, धबधब्याचा घोष, तीन दगडांच्या चुलीवरचा चहा, रात्रीची शेकोटी आणि शेवटी शहरात परतण्याची खंत, या क्रमात सहसा बदल होत नाही. सुटीत दोन रात्री तंबूत काढण्याची हौस निर्दोष आहे आणि ज्यांना ती परवडते त्यांनी ती अवश्य करावी. परंतु या हौसेतून जे लेखन निर्माण होते, ते प्रवासवर्णन म्हणून कोणत्या योग्यतेचे आहे, हा प्रश्न समीक्षकाने विचारावयास हवा.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील पाटोदे तालुक्यात, जामखेडपासून जवळच, सौताडे येथे विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. श्रावणात ही दरी हिरवीगार असते, आणि मराठवाडा म्हणजे केवळ उजाड माळ असे समजणारा पाहुणा तेथे चकित होतो. त्याचे चकित होणे खरे असते व त्याच्या लेखातही ते खरेपणाने उतरते. उणे पडते ते यापुढे. ज्या कातळाने हा सुंदर कडा दिला, तोच कातळ पावसाचे पाणी फारसे मुरू देत नाही. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मुळात पाऊस बेताचा, आणि पडतो तोही भराभर वाहून जातो. त्यामुळे धबधब्याचे वैभव चार महिन्यांचे, आणि डोंगरावरील कोरडवाहू शेतीचेही तेवढेच.

पुढे काय होते ते सर्वविदित आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटातील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. पाचसहा महिने त्यांचा संसार फडाच्या कडेला किंवा कारखान्याजवळच्या कोपीत चालतो. तेथेही तीन दगडांची चूल असते, उघड्यावरची रात्र असते, थंडी असते. आमच्या लेखकाला ज्या वस्तूंत काव्य दिसते, त्याच वस्तू यजमानाच्या वाट्याला सक्तीने आलेल्या असतात. धबधबा आटला की पाहुणे येईनासे होतात आणि घरधनीही घर सोडतो. हे दोन्ही एकाच कारणाने घडते, हे आमच्या वर्णनांतून कोठेच कळत नाही.

इंग्रजी वाङ्मयातही हा प्रश्न उपस्थित झालेला आहे. वाय नदीच्या खोऱ्याचे विल्यम गिल्पिन यांचे प्रवासवर्णन 1782 साली निघाले. गिल्पिन चित्रवत् सौंदर्याचे उपासक होते. तरीही टिंटर्नच्या भग्न मठात आश्रय घेतलेल्या भिकाऱ्यांचे दैन्य त्यांनी लिहून ठेवले. 1798 मध्ये वर्ड्स्वर्थ यांनी त्याच खोऱ्यावर अमर कविता लिहिली. तीत बेघर भटके येतात, पण झाडीतून वर चढणाऱ्या धुरावरून कवीने केलेल्या तर्काच्या रूपाने. पुढे 1980 नंतरच्या काही समीक्षकांनी यासाठी कवीला दोष दिला. मला तो दोष पूर्णपणे मान्य नाही, कारण त्या कवितेचा विषय कवीचे मन हा आहे. परंतु ज्याला वर्ड्स्वर्थांची प्रतिभा नाही, त्याने निदान गिल्पिन यांचा प्रामाणिकपणा तरी घ्यावा.

आणि आपल्याकडे याहून जवळचे आदर्श आहेत. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामींच्या मुक्कामाच्या जागा नोंदलेल्या आहेत. देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला, हे सारे त्यात काळजीपूर्वक सांगितले आहे. विशेषणांची आरास तेथे नाही, तरी मुक्कामाची जागा डोळ्यांपुढे उभी राहते. गोडसे भटजी 1857 साली दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण पोटासाठी निघालो हे त्यांनी लपविले नाही, म्हणूनच वाटेत भेटणारा प्रत्येक मनुष्य त्यांना स्पष्ट दिसतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक आनंदाच्या पाठीस दुःख का लावावे? तशी माझी मागणी नाही. दरीच्या वर्णनात ऊसतोडीचे व्याख्यान घातल्यास तो लेखही बिघडेल. माझे म्हणणे एवढेच, की जे दिसले व ऐकू आले ते गाळू नये.

हे मी अधिकाराने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. पंचवीस वर्षांपूर्वी काही विद्यार्थ्यांसह मी त्या दरीत दोन रात्री तंबूत राहिलो, आणि परतल्यावर एक लेख लिहिला. त्यात दरीला मी 'निर्मनुष्य' असे विशेषण लावले. वस्तुतः आम्हाला खाली उतरण्याची वाट एका वृद्ध शेतकऱ्याने दाखविली होती आणि भाकऱ्या त्याच्याच घरून आल्या होत्या. निघताना तो म्हणाला होता, "बरं झालं, आत्ता आलात. दिवाळीनंतर हितं पाणीबी नसतं, अन् आम्हीबी नसतो." लेखाच्या सुरात बसेना म्हणून ते वाक्य मी गाळले. आज तो लेख वाचताना धुक्याचे दोन परिच्छेद मला कंटाळवाणे वाटतात, आणि ते वाक्य मात्र अद्याप कानात आहे.

त्या दरीविषयी यापुढे लिहू इच्छिणाऱ्याने तेथे एकदा श्रावणात जावे आणि एकदा माघात.