वृत्तातील क्रियापद आणि समाजाची प्रतिमा

दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये मार्च २०२० मध्ये झालेल्या तबलीगी मेळाव्यानंतर करोनाप्रसाराविषयी जी वृत्ते प्रसिद्ध झाली, त्यांची भाषा परीक्षणास पात्र आहे. ‘मरकज’ म्हणजे केंद्र आणि ‘तबलीग’ म्हणजे संदेश पोहोचविणे. या अरबी शब्दांना काही आठवड्यांतच रोगाचा व कटाचा अर्थ चिकटला. टाळेबंदीत देवस्थानी राहिलेले यात्रेकरू अनेक बातम्यांत ‘अडकले’ होते, तर मशिदीत राहिलेले ‘लपले’ होते. पहिल्या क्रियापदात परिस्थितीची सक्ती आहे, तर दुसऱ्यात गुन्ह्याचा हेतू.

मेळाव्यातून संसर्ग पसरला, हे खरेच होय. परंतु ‘काही सहभागी’ या कर्त्याच्या जागी संपूर्ण समाज आला, आणि ‘करोना जिहाद’ या शब्दप्रयोगाने रोगालाच धर्म दिला. अतिशयोक्तीचे मूळ तेथे आहे.

जालना जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. हे गुन्हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात नोंदले गेले होते. वृत्तमाध्यमांतील प्रचारावर खंडपीठाने टीका केली. या परदेशीयांना बळीचा बकरा केले गेले असण्याची शक्यताही नोंदविली.

न्यायनिर्णयाने गुन्हा रद्द होतो. शब्दाला चिकटलेला कलंक मात्र तसाच राहतो. ‘जिल्हा’, ‘तहसील’ हे शब्दही मूळचे अरबीच; ते मराठवाड्यात कोणास परके वाटत नाहीत. शब्द परका ठरतो तो व्युत्पत्तीने नव्हे, वापराने. म्हणून वृत्तलेखकाची पहिली जबाबदारी क्रियापदाच्या निवडीची आहे.